मुलासाठी विलायतेची शाळा

१८९३ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या ६ तारखेस मुंबईच्या अपोलो बंदरावर एक वीस वर्षांचा तरुण आगबोटीतून उतरला. वयाची सात वर्षे पुरी होण्याच्या सुमारास त्याने हा देश सोडला होता. त्यानंतरच्या चौदा वर्षांत त्याचे पाऊल एकदाही येथे पडले नव्हते. ग्रीक आणि लॅटिन या भाषांत त्याने केंब्रिजमध्ये नाव मिळविले होते. फ्रेंच त्याला चांगली येत होती, इटालियन व जर्मन कामापुरती अवगत होती. परंतु स्वतःच्या आजोळी कोणी चार वाक्ये बंगालीत बोलले असते, तर त्यांना उत्तर देणे त्यास जड गेले असते. बंगाली लिपी तो शिकला होता खरा. पण तीही इंग्लंडात, आय. सी. एस.च्या उमेदवारीत, आणि एका इंग्रज शिक्षकाकडून! या तरुणाचे नाव अरविंद घोष. बंदरावरून तो बंगालकडे गेला नाही. तो बडोद्यास गेला, कारण तेथे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यास दरमहा दोनशे रुपयांची नोकरी देऊ केली होती.

आपल्या मुलास शिक्षणासाठी परदेशी कोठे ठेवावे, हा प्रश्न ज्या हिंदी पालकांनी फार पूर्वी सोडविला, त्यांत अरविंदांचे वडील डॉ. कृष्णधन घोष यांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. हा माणूस अविचारी नव्हता. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते १८७१ साली परत आले आणि पुढे रंगपूर येथे सिव्हिल सर्जन झाले. गोरगरिबांचा डॉक्टर म्हणून त्यांची ख्याती होती. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकण्याची त्यांची सवय सर्वांस ठाऊक होती. याच सवयीचे एक फळ त्यांच्या मुलांना पुढे लंडनात चाखावे लागले; पण ती हकीकत नंतर. अरविंदांचे आजोबा राजनारायण बसू हे ब्राह्मसमाजातील वजनदार पुढारी आणि स्वदेशाभिमानाचे कट्टे पुरस्कर्ते होते. जावयाची दिशा मात्र नेमकी उलटी होती. मुले इंग्रजासारखी वाढली पाहिजेत, एवढेच नव्हे, तर त्यांस हिंदी वारासुद्धा लागता कामा नये, अशी त्यांची धारणा झाली होती. तिन्ही मुलांस त्यांनी प्रथम दार्जिलिंग येथील गोऱ्या मुलांच्या कॉन्व्हेंट शाळेत घातले, आणि १८७९ साली सर्व कुटुंबासह ते इंग्लंडास निघाले.

या घाईस कारण होते. आय. सी. एस.ची परीक्षा त्या काळी फक्त लंडनात होत असे. हिंदुस्थानात ती घेण्यास १९२२ साल उजाडावे लागले. त्यात १८७६ साली सरकारने उमेदवाराची कमाल वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्याचे ठरविले, आणि १८७८ पासून तो नियम अमलात आला. या फेरफाराविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी देशभर दौरा काढून केवढे रान उठविले होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. कलकत्त्यास किंवा मुंबईस पदवी घेऊन मग विलायतेस जावे, हा मार्ग त्या नियमाने बहुतांशी बंद झाला. शिवाय परीक्षेत लॅटिन व ग्रीक यांना संस्कृत व अरबीपेक्षा अधिक गुण ठेवलेले. एकोणिसाव्या वर्षाच्या आत ग्रीक काव्याचे रसग्रहण लिहून दाखवायचे, तर मुलगा इंग्रजी शाळेतच वाढावयास हवा, हे डॉ. घोष यांचे गणित चुकीचे नव्हते. पुढे अरविंदांनी ग्रीक व लॅटिन या विषयांत फार मोठे गुण मिळवून ते खरेही करून दाखविले.

इंग्लंडातील या शाळांविषयी आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. ज्यांना तेथे 'पब्लिक स्कूल' म्हणतात, त्या सरकारी किंवा सार्वजनिक शाळा नव्हेत. त्या भरभक्कम फी घेणाऱ्या खाजगी संस्था होत. घरी शिक्षक ठेवून शिकविण्याच्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत, कोणत्याही गावचा मुलगा फी भरून येथे येऊ शकतो, एवढ्याच अर्थाने त्या 'पब्लिक'. १८६१ साली लॉर्ड क्लॅरेंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कमिशनने अशा नऊ प्रमुख शाळांची चौकशी केली. त्यांपैकी ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी इत्यादी सात शाळा मुख्यतः निवासी, म्हणजे मुलगा तेथेच राहावयाचा. सेंट पॉल्स आणि मर्चंट टेलर्स या दोन लंडनमधील शाळा दिवसापुरत्या, म्हणजे मुलगा संध्याकाळी घरी परतावयाचा. १८६८ च्या कायद्यात सात निवासी शाळाच घेतल्या गेल्या. या दोन वगळण्यात आल्या. विद्येच्या दृष्टीने त्या तसूभर कमी नव्हत्या. पण इंग्रज गृहस्थाच्या मनात 'शाळा' म्हणजे वर्ग तेवढे नव्हेत. जेवणघर, झोपावयाची खोली, क्रिकेटचे मैदान, वरच्या वर्गातील मुलांची हुकमत आणि प्रार्थनामंदिर हे सर्व मिळून शाळा होते. दिवसाच्या शाळेस यातील निम्मे घराकडून उसने घ्यावे लागते. ज्या मुलास तेथे घरच नाही त्याने काय करावे, हा प्रश्न इंग्रजांपुढे नव्हता. तो हिंदी बापाचा प्रश्न होता.

डॉ. घोष यांनी तो आपल्यापरीने सोडविला होता. रंगपूरच्या इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या ओळखीने त्यांनी मँचेस्टर येथील पाद्री विल्यम ड्र्युएट यांच्या घरी तिन्ही मुलांना ठेवले. विनयभूषण आणि मनमोहन हे दोघे मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये जाऊ लागले. धाकट्या अरविंदास ड्र्युएट पतिपत्नींनी घरीच शिकविले. नवरा लॅटिन शिकवी, बायको फ्रेंच, भूगोल व गणित. निघण्यापूर्वी बापाने दोन अटी घातल्या होत्या. मुलांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देऊ नये, मोठेपणी त्यांचा धर्म त्यांनीच ठरवावा, ही एक. दुसरी अशी, की त्यांची कोणाही हिंदी माणसाशी ओळख होऊ देऊ नये आणि कोणताही हिंदी संस्कार त्यांच्यावर पडू देऊ नये. पहिल्या अटीत जेवढा उदारपणा आहे, तेवढाच दुसरीत कठोरपणा आहे. आणि दोन्ही अटी एकाच माणसाने एकाच बैठकीत घातल्या, यातच त्या पिढीतील सुशिक्षितांच्या मनाची ओढाताण दिसून येते. ड्र्युएट यांनी दुसरी अट अक्षरशः पाळली.

पुढे ड्र्युएट ऑस्ट्रेलियास निघून गेले, आणि मुले त्यांच्या वृद्ध आईबरोबर लंडनात राहावयास आली. १८८४ च्या सप्टेंबरात अरविंद सेंट पॉल्स शाळेत दाखल झाले. ही शाळा जॉन कोलेट या धर्मपंडिताने १५०९ साली स्थापन केलेली. शुभवर्तमानातील जाळ्यात सापडलेल्या १५३ माशांच्या कथेवरून त्याने १५३ मुलांची संख्या ठरवून दिली, आणि ती मुले कोणत्याही देशाची व राष्ट्राची असली तरी चालतील, असे नियमात लिहून ठेविले. अरविंद आले त्याच वर्षी शाळा शहराच्या गजबजाटातून पश्चिमेस हॅमरस्मिथकडे नव्या इमारतीत गेली होती. मुख्याध्यापक फ्रेडरिक वॉकर हे कडक शिस्तीचे परंतु हुशार मुलांची अचूक पारख असलेले गृहस्थ. बारा वर्षांच्या या मुलाची लॅटिनची तयारी पाहून त्यांनी स्वतः त्यास ग्रीकचे पाठ दिले व भराभर वरच्या वर्गात चढविले. शाळा म्हणून पाहिले, तर डॉ. घोष यांची निवड उत्तमच ठरली. काही वर्षांनी मास्तर तक्रार करू लागले की मुलगा बुद्धिमान आहे पण आळशी झाला आहे. तो आळशी झाला नव्हता. शाळेचा अभ्यास चुटकीसरसा उरकून इंग्रजी व फ्रेंच काव्य आणि युरोपचा इतिहास वाचीत बसला होता.

उणे होते ते शाळेच्या फाटकाबाहेर. ड्र्युएट आजीबाई फार धार्मिक. रोज बायबलचे वाचन आणि प्रार्थना व्हावयाची. एके दिवशी मनमोहनच्या तोंडून मोझेसविषयी एक अनादराचा उद्गार निघाला, त्यासरशी बाई संतापल्या. नास्तिकाबरोबर राहिल्यास घराचे छप्पर आपल्या डोक्यावर कोसळेल, अशी भीती वाटून त्यांनी ते घरच सोडले. तीन भाऊ रस्त्यावर आले असे म्हणावयास हरकत नाही. बापाकडून पैसे येणे तोपर्यंत अनियमित झाले होते, कारण वर सांगितलेली दानशूरता! साउथ केन्सिंग्टनमधील लिबरल क्लबाचे चिटणीस जेम्स कॉटन यांच्या हाताखाली विनयभूषण आठवड्यास पाच शिलिंगांवर काम करू लागला, आणि क्रॉमवेल रोडवरील त्या क्लबाच्या इमारतीतच भावांना राहावयास जागा मिळाली.

त्या जागेत शेकोटी नव्हती. लंडनच्या हिवाळ्यात अंगावर घालावयास ओव्हरकोट नव्हता. सकाळी पावलोणीचे एकदोन तुकडे व चहाचा पेला, आणि संध्याकाळी एका पेनीचे मसालेदार सॉसेज, एवढ्यावर सबंध एक वर्ष काढावे लागले, हे अरविंदांनी पुढे स्वतःच सांगून ठेविले आहे. दिवसा हा मुलगा इंग्लंडच्या अग्रगण्य शाळेत इंग्रज श्रीमंतांच्या व व्यावसायिकांच्या मुलांबरोबर सोफोक्लीज वाचीत असे. संध्याकाळी ती मुले आपापल्या घरी, शेकोटीपुढे व भरल्या ताटावर जात. हा क्लबाच्या खोलीकडे वळे. शाळेस त्याचे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दिवसाच्या शाळेची जबाबदारी फाटकापाशी संपते. तिच्या फीच्या पावतीत संध्याकाळचे जेवण नसते. आणि रंगपूर व खुलन्याच्या डॉक्टरांना, सहा हजार मैलांवरून, आपण मुलांना उत्तम शाळेत घातले आहे हेच समाधान होते.

तशातही १८८९ च्या डिसेंबरात अरविंदांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची वर्षास ऐंशी पौंडांची शिष्यवृत्ती मिळविली, आणि पुढच्या वर्षी आय. सी. एस.च्या परीक्षेत ते अकरावे आले. बापाचे स्वप्न साकार होण्याच्या बेतात होते. परंतु मधल्या काळात बापच बदलला होता. ज्याने मुलांना हिंदी वारा लागू नये म्हणून अट घातली, तोच आता त्यांना 'बेंगॉली' पत्राची कात्रणे पाठवू लागला. इंग्रजांनी हिंदी माणसास वाईट वागविल्याच्या बातम्यांवर तो खुणा करी, आणि पत्रांत सरकारला निर्दय म्हणे. म्हणजे मुलास हिंदुस्थानची पहिली ओळख बापाच्याच हस्ते झाली, आणि तीही टपालाने. आय. सी. एस.ची शेवटची अट घोड्यावर बसण्याच्या परीक्षेची होती. तिला अरविंद वारंवार बोलावूनही नीट हजर राहिले नाहीत, आणि १८९२ च्या अखेरीस त्यांचे नाव गळले. ते गळावे अशी त्यांचीच इच्छा होती. डॉ. घोष यांचा अंत त्यानंतर लवकरच झाला. मुलगा 'रुमानिया' या आगबोटीने निघाला अशी त्यांची समजूत झाली होती. ती बोट पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ बुडाल्याची बातमी आली आणि त्या धक्क्याने ते गेले. अरविंद त्या बोटीवर नव्हतेच. ते मागाहून 'कार्थेज' नावाच्या बोटीने निघाले होते.

ज्या जेम्स कॉटन यांच्या क्लबात ती थंड वर्षे गेली, त्यांनीच लंडनात अरविंदांची सयाजीरावमहाराजांशी गाठ घालून दिली. दोनशे रुपयांत आपल्याला सिव्हिल सर्व्हिसचा माणूस मिळाला, असे महाराज मोठ्या कौतुकाने सांगत. स्वतः महाराजांचे शिक्षण उशिरा सुरू झालेले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली दत्तक गेला, आणि त्यानंतर राजवाड्यातच मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी शिकला. त्याच्या पदरी हा सेंट पॉल्सचा विद्वान आला, आणि बडोद्यात बाराखडी गिरवू लागला. बडोद्याच्या कचेऱ्यांत आणि मग बडोदे कॉलेजात प्रथम फ्रेंच व नंतर इंग्रजीचे अध्यापन करीत असता अरविंद संस्कृत शिकले, मराठी व गुजराती शिकले. दांडिया बाजारातील खासेराव जाधव यांच्या वाड्यात त्यांचे वास्तव्य असे. केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या 'इंदुप्रकाश' पत्रात त्यांनी १८९३ च्या ऑगस्टपासून काँग्रेसच्या धोरणावर असे जळजळीत लेख लिहिले, की न्यायमूर्ती रानड्यांना पत्राच्या चालकांस सावध करावे लागले. मातृभाषा बोलावयास यावी म्हणून १८९८ साली बंगालहून दिनेंद्रकुमार राय या लेखकास त्यांनी बडोद्यास बोलावून आपल्याबरोबर ठेवून घेतले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस होते. बडोद्यातील मराठी घरांत, जेथे स्वतः घरचे लोकही दोन पिढ्यांपूर्वी परप्रांतातून आलेले, तेथे एका बंगाल्याला आपला देश सापडावा, ही गोष्ट बडोदेकरांना आजही अभिमानाची वाटल्यास नवल नाही.

येथेच थांबले, तर कथा फार सोयीची होईल. परंतु मनमोहन घोष हाही त्याच बापाचा मुलगा, त्याच पाद्र्याच्या घरी वाढलेला, त्याच सेंट पॉल्समध्ये शिकलेला. तेथे त्यास लॉरेन्स बिनियन हा पुढे कवी म्हणून नावाजलेला वर्गमित्र लाभला. दोघांच्या व आणखी दोन मित्रांच्या कविता १८९० साली 'प्रिमाव्हेरा' या छोट्या पुस्तकात एकत्र आल्या. मनमोहन परत आला, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात इंग्रजीचा नामांकित प्राध्यापक झाला, आणि १९२४ साली वारला. त्याच्या मनाची भाषा अखेरपर्यंत इंग्रजीच राहिली; बंगालमध्ये तो काहीसा परकाच होता. एकाच शाळेने दोघा भावांना घडविले असे म्हणावे, तर एक मातीत परतला आणि दुसरा परतू शकला नाही, याचा उलगडा होत नाही.

डॉ. घोष यांच्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९०५ च्या मे महिन्यात, अलाहाबादचे प्रख्यात वकील मोतीलाल नेहरू पत्नी, पंधरा वर्षांचा मुलगा व लहान मुलगी यांना घेऊन इंग्लंडास निघाले. त्यांच्यापाशी पैशाची वाण नव्हती, आणि अर्धवट काही करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी निवडली ती हॅरो, म्हणजे लंडनजवळच्या टेकडीवरील, १५७२ साली जॉन लायन याने स्थापलेली निवासी शाळा. जवाहरलाल तोपर्यंत घरीच, फर्डिनंड ब्रुक्स या थिऑसफिस्ट शिक्षकाकडे शिकलेले. प्रवेशाच्या वयापेक्षा ते थोडे मोठेच होते, पण सुदैवाने जागा रिकामी मिळाली. लॅटिन कच्चे असल्यामुळे त्यांना खालच्या वर्गात बसविण्यात आले. सामान्यज्ञानात मात्र ते बहुतेक सोबत्यांच्या पुढे होते. कँपबेल-बॅनरमन यांचे नवे मंत्रिमंडळ बनले, तेव्हा मास्तरांच्या प्रश्नास उत्तर म्हणून जवळजवळ सगळ्या मंत्र्यांची नावे त्यांनी सांगितली. वर्गात ते दुसऱ्या कोणास जमले नाही.

मुलास मागे ठेवून निघताना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मोतीलालजींनी त्यास एक पत्र लिहिले. तुझ्या पोटापाण्याची सोय मी कदाचित एका वर्षाच्या कमाईत करू शकेन, पण प्रश्न तो नाही. तुला माणूस बनवावयाचे आहे, आणि म्हणून आमचा सर्वांत मोलाचा ठेवा आम्ही येथे सोडून जात आहोत, असा त्याचा आशय होता. घोष यांचे धोरण आणि हे धोरण यांत मुलास इंग्रजी सत्तेच्या वरच्या पायरीवर बसविण्याची इच्छा सारखीच आहे. मोतीलालजींच्याही डोळ्यांपुढे आय. सी. एस. होतीच. फरक संबंधाचा आहे. अलाहाबादहून सतत टपाल येई, आणि हॅरोहून उत्तर जाई. त्या टपालातूनच नोव्हेंबरात धाकटा भाऊ जन्मल्याचे आणि मग तो थोड्याच दिवसांत वारल्याचे जवाहरलालना कळले. एका पत्रात, विमाने अशीच सुधारत गेली तर शनिवार-रविवार घरी येऊन जाता येईल, असे या मुलाने बापास मोठ्या उत्साहाने लिहिले. राइट बंधूंच्या पराक्रमाच्या बातम्यांनी भारून गेलेल्या मुलाचे ते स्वप्न खरे. पण घराची ओढही त्यात कमी नाही.

निवासी शाळेने त्याला जेवण दिले, ऊब दिली, सोबती दिले, शिस्त दिली, बंदूक चालविण्याची कवायत शिकविली. सेंट पॉल्सने अरविंदांस जे दिले नाही, ते सारे येथे फीमध्ये अंतर्भूत होते. तथापि दिवसाचे चोवीसही तास एकाच साच्यात गेल्याने दुसऱ्या प्रकारचा एकटेपणा येतो. सोबत्यांचे बोलणे खेळांपलीकडे जात नाही, हा कंटाळा जवाहरलालनी बापास कळविला होता. मुख्याध्यापकांच्या वसतिगृहात सयाजीरावांचे एक पुत्र होते. क्रिकेटमुळे ते मुलांत लोकप्रिय होते, पण जवाहरलालच्या आगमनानंतर लवकरच ते शाळा सोडून गेले. कपूरथळ्याचे युवराज मागाहून आले, आणि त्यांना ती शाळा अजिबात मानवली नाही. १९०६ व १९०७ साली बंगाल पेटलेला, लजपतराय हद्दपार झालेले, पुण्याहून टिळकांचे नाव वारंवार येत असलेले. इंग्रजी वर्तमानपत्रांतील त्रोटक मजकुरातून हे वाचून तो मुलगा अस्वस्थ होई, आणि त्याविषयी बोलावे असा एकही जीव हॅरोत नव्हता, हे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच बंगालच्या धामधुमीत 'वंदे मातरम्' पत्रातून लिहिणारे अरविंद घोष होते. सेंट पॉल्समधून निघालेला मुलगा बातमी घडवीत होता, आणि हॅरोतील मुलगा ती वाचीत होता.

शाळेत बक्षीस म्हणून जवाहरलालना ट्रेव्हेल्यनने लिहिलेल्या गॅरिबाल्डीच्या चरित्रग्रंथाचा एक भाग मिळाला. तो इतका आवडला की बाकीचे भागही त्यांनी मिळविले. साम्राज्याचे कारभारी तयार करणाऱ्या शाळेने एका हिंदी मुलास परकी सत्ता उलथणाऱ्या वीराची कथा बक्षीस द्यावी, याची त्या शिक्षकांना गंमत वाटली असेल, असे दिसत नाही. हॅरो सोडताना १९०७ साली त्याच्या डोळ्यांत पाणी आले, हेही तितकेच खरे.

हाच मुलगा पुढे बाप झाला, तेव्हा त्याने काय केले, हे पाहिल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. जवाहरलालांच्या एकुलत्या एका मुलीच्या शाळेचा प्रश्न घरातल्या घरातच वादाचा झाला होता. असहकारितेच्या दिवसांत आजोबांनी तिला अलाहाबादेतील एका इंग्रजी खाजगी शाळेत घातले, बापाने त्यास हरकत घेतली, आणि हा तंटा गांधीजींच्या कानांपर्यंत गेला. १९२६ साली पत्नी कमला यांच्या प्रकृतीसाठी जवाहरलाल युरोपात गेले, तेव्हा आठ वर्षांची इंदिरा जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय शाळेत दाखल झाली. ही शाळा राष्ट्रसंघाशी संबंधित लोकांच्या मुलांसाठी १९२४ साली निघालेली, आणि दिवसापुरती. मुलीस फ्रेंच येत नव्हते; बाप स्वतः तिला शाळेत पोचवी व घरी आणी. हॅरोत शिकलेल्या माणसाने हॅरोसारखी शाळा निवडली नाही, याची येथे नोंद करावीशी वाटते.

त्यानंतर आले पुणे. १९३१ ते १९३४ या काळात आईबाप वरचेवर तुरुंगात. अलाहाबादचे घर म्हणजे पोलिसांच्या झडतीची जागा. तेव्हा जहांगीर व कुंवरबाई वकील या पारशी दांपत्याने चालविलेल्या 'प्युपिल्स ओन स्कूल'मध्ये इंदिरेस ठेवण्यात आले. जहांगीर वकील हे ऑक्सफर्डला शिकलेले आणि शांतिनिकेतनात राहून आलेले. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास आरंभिला, त्या वेळी ही मुलगी तेथे त्यांस भेटावयास गेली. बापाची पत्रे तुरुंगातून येत होती, आणि त्यांत जगाचा इतिहास होता. शाळेच्या तासांत न मावणारे शिक्षण टपालाने पाठविण्याचा हा प्रकार मोतीलालजींच्या हॅरोच्या पत्रांपासून चालत आलेला. फक्त टपाल आता उलट बाजूच्या बंदिवासातून निघत होते.

शांतिनिकेतनात एक वर्ष काढून १९३५ साली मुलगी आजारी आईबरोबर पुन्हा युरोपात गेली आणि स्वित्झर्लंडमधील बे येथील निवासी शाळेत राहिली. १९३६ च्या २८ फेब्रुवारीस लोझान येथे कमलाबाईंचे देहावसान झाले. त्याच वर्षी इंदिरेस इंग्लंडातील ब्रिस्टल येथील बॅडमिंटन शाळेत घालण्यात आले. मुलींच्या या निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका बिअ‍ॅट्रिस बेकर या राष्ट्रसंघाच्या कट्टर अभिमानी. परदेशच्या मुलींना त्या आवर्जून जागा देत. एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या, नुकतीच आई गमावलेल्या मुलीला घंटेवर उठणे आणि घंटेवर जेवणे रुचले नसेल, तर त्यात शाळेचा दोष काढता येणार नाही. तिला तेथे तयार व्हावयाचे होते ते ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी, आणि त्यासाठी हवी होती लॅटिन!

लॅटिन बंगालच्या डॉक्टरास हवी होती, अलाहाबादच्या वकिलाच्या मुलास तीमुळे खालच्या वर्गात बसावे लागले होते, आणि आता नातीच्या वाटेत ती पुन्हा आडवी आली. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात प्रवेश मिळाला, पण लॅटिनच्या परीक्षेत यश आले नाही. त्यातच आजारपण आणि मग महायुद्ध. पदवी न घेताच ती निघाली. भूमध्य समुद्राचा मार्ग युद्धामुळे धोक्याचा झालेला असल्याने केप ऑफ गुड होपला वळसा घालून, १९४१ साली ती मुंबईस उतरली. वडील त्या वेळी डेहराडूनच्या तुरुंगात होते. त्यांची भेट तेथे जाऊन घ्यावी लागली.